हेड कोच होण्याआधीची १७ वर्षं

मैदानाच्या कडेने : वाचकांच्या खेळाविषयीच्या प्रश्नांना एका निवृत्त फिजिकल डायरेक्टरांची उत्तरे

प्रश्न : आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून फुटबॉल खेळतो, पण आता खेळण्यापेक्षा शिकवण्याची ओढ जास्त वाटते. माझा मावसभाऊ अमेरिकेत अलाबामा राज्यात शिकायला आहे. तो सांगतो, तिथं कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या हेड कोचला राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त पगार असतो. हे खरं काय? असा कोच कसा घडतो? आणि आपल्या भागात राहून मला कॉलेजचा कोच होता येईल का? घरी विषय काढला तर बाबा म्हणाले, "तिकडचं तिकडं राहू दे, हितं पोट भरंल काय ते बघ की."
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : बाळ, मावसभावानं सांगितलं त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन यांचा शेवटचा हंगाम २०२३चा. त्या वर्षीचा त्यांचा मोबदला १ कोटी १० लाख डॉलरच्या वर होता. आपल्या हिशेबात ९० कोटी रुपयांच्या पुढं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सगळ्यात जास्त पगार घेणारा माणूस कॉलेजचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोचच असतो.

खेळ मात्र आपण लेले मैदानावर खेळतो तो नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं, डोक्याला हेल्मेट, अंगावर पॅड. एका बाजूला ११ जण. ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि पुढची चाल बाजूला उभा असलेला कोच ठरवून आत पाठवतो. आपल्याकडे सामना सुरू झाला की पोरं आणि चेंडू; कोच ओरडून ओरडून किती ओरडणार? तिथं शेवटच्या मिनिटापर्यंत सूत्रं त्याच्या हातात असतात. त्याला एवढं वजन का, याचं एक कारण हे.

दुसरं कारण पैसा. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कालूसा गावात आहे, त्याची लोकसंख्या साधारण १ लाख आणि विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात तीही १ लाख. तिकिटं, टीव्हीचे हक्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, सगळं फुटबॉलभोवती फिरतं. सेबन २००७ला तिथं आले तेव्हा विद्यार्थी २५ हजारांच्या आसपास होते, ते गेले तेव्हा ४० हजारांच्या घरात. वाढ काही एकट्या फुटबॉलमुळं झाली नाही, पण संघ जिंकत होता म्हणून दुसऱ्या राज्यांतल्या मुलांना विद्यापीठाचं नाव ठाऊक झालं, हे विद्यापीठाची माणसंही सांगतात.

पगाराचं एवढं पुरे. तुझ्या कामाचा आहे तो या माणसानं चाललेला रस्ता.

सेबन वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातले. वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि ते गावातल्या लहान पोरांचा संघही चालवत. मुलगा पंपावर गाड्या धुवायचा, आणि धुतलेल्या गाडीवर पाण्याचा ओघळ दिसला की वडील ती पुन्हा धुवायला लावत. पुढं तो केंट स्टेट विद्यापीठात खेळला. पदवी झाली, पण बायकोचं शिक्षण एक वर्ष उरलं होतं, गाव सोडता येईना. कोच डॉन जेम्स म्हणाले, तोवर माझ्याकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून राहा. साल १९७३. तिथून पुढं सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नौदलाची अकादमी, मिशिगन स्टेट, मग ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. ओहायो स्टेटमधून तर त्यांना काढूनही टाकलं होतं. पहिल्यांदा हेड कोच झाले ते १९९० साली, टोलिडो विद्यापीठात. म्हणजे १७ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली! आणि टोलिडोत ११ पैकी ९ सामने जिंकल्यावर हा माणूस वर्षभरात ती गादी सोडून क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात गेला, पुन्हा एकदा दुसऱ्याच्या हाताखाली, तिथले हेड कोच बिल बेलिचिक यांच्याकडे बचावाचा प्रमुख म्हणून. चार हंगाम तिथं काढले. मग मिशिगन स्टेट, लुइझियाना स्टेट, दोन वर्षं मायामीचा व्यावसायिक संघ, आणि अलाबामा. राष्ट्रीय विजेतेपदं ७ : एक लुइझियानाचं २००३ हंगामातलं, सहा अलाबामाची.

ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे एम.ए., एम.एस्सी. करत करत संघाचं काम करणारा. त्याची फी भरली जाते, थोडा भत्ता मिळतो, आणि काम रात्र रात्र. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहायचे, त्यांची प्रत्येक चाल कार्डावर काढायची, दुसऱ्या दिवशी राखीव पोरांकडून तीच चाल मैदानावर करून घ्यायची, म्हणजे मुख्य संघाला तिची सवय होते. हे करता करता खेळ आतून कळतो. मग एखाद्या जागेचा कोच, म्हणजे फक्त पळणाऱ्यांचा किंवा फक्त मागच्या बचावाचा. मग चढाईचा किंवा बचावाचा समन्वयक. हेड कोच सगळ्यात शेवटी. हेड झाल्यावर सराव हा कामाचा लहान भाग उरतो. हंगामात मुलांकडून आठवड्याला २० तासांच्या वर सराव घ्यायचा नाही असा राष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे. कोचचा बाकीचा वेळ जातो तो १७ वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलण्यात, देणगीदारांना भेटण्यात आणि स्वतःचे मदतनीस निवडण्यात.

आपल्याकडे आखाड्यात वस्तादाच्या नावावर पठ्ठे ओळखले जातात, तसंच तिथं आहे. हा कोणाच्या हाताखालचा, हे आधी विचारतात. जिंबो फिशर लुइझियानात सेबन यांच्या चढाईचे समन्वयक होते. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांच्या टेक्सास ए अँड एम संघानं अलाबामाला ४१–३८ असं हरवलं, तेव्हा सेबन पहिल्यांदा आपल्या जुन्या मदतनिसाकडून हरले. पुढच्याच जानेवारीत दुसरे मदतनीस कर्बी स्मार्ट यांच्या जॉर्जियानं राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांना ३३–१८ असं हरवलं. पठ्ठ्यानं वस्तादाला चितपट करावं, यापेक्षा शिकवणीचा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

आता आपल्याकडचं सांगतो, आणि इथं मला मनापासून कळकळ वाटते. आपल्या कॉलेजात ही मधली पायरीच नाही. एक फिजिकल डायरेक्टर, आणि त्याच्या खाली कुणी नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलिबॉल, फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स सगळं त्याच्याकडेच. तो निवृत्त झाला की त्याला जे कळलेलं असतं ते त्याच्याबरोबर घरी जातं. नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. अमेरिकेचा पैसा आपल्याला आणता येणार नाही, पण ही पायरी बांधायला फार पैसा लागत नाही. एम.पी.एड. करणाऱ्या एका मुलाला महिन्याचा बसपास, एक किट आणि थोडं मानधन देऊन वर्षभर सरांच्या हाताखाली ठेवता येतं. संस्थाचालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझं हे मागणं समजावं.

तू म्हणशील, तिथं पैसा आहे म्हणून पायऱ्या आहेत. म्हणून आणखी एका माणसाचं सांगतो, तो मला सेबन यांच्यापेक्षाही जवळचा वाटतो. एडी रॉबिन्सन. लुइझियाना राज्य, १९१९चा जन्म, वडील वाट्यानं कापूस पिकवणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. शिकून बाहेर पडला तेव्हा काळ्या माणसाला कोचची नोकरी मिळण्यासारखी जागा जवळपास नव्हतीच. तो जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत कामाला लागला, तासाला २५ सेंटवर. १९४१ साली ग्रॅम्बलिंग गावातल्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात त्याला कोच म्हणून घेतलं. वय २२, पगार महिन्याला ६३ डॉलर ७५ सेंट. पगारी मदतनीस एकही नाही. मैदानावर फक्की तोच मारायचा, पोरांचे घोटे तोच बांधायचा, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला तोच पाठवायचा. बाहेरगावी सामना असला की निघताना सँडविच बांधून घ्यायचा, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत त्याच्या पोरांना आत घेत नसत. पहिल्या हंगामात ३ सामने जिंकले, ५ हरले. दुसऱ्या हंगामात नऊच्या नऊ जिंकले आणि समोरच्या कुणालाही एक गुणसुद्धा करू दिला नाही.

त्याच कॉलेजात तो १९९७पर्यंत राहिला. एकूण विजय ४०८. १९८५मध्ये त्यानं अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागं टाकला. सकाळी हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन वसतिगृहात फिरायचा आणि पोरांना वर्गासाठी उठवायचा, सरावासाठी नव्हे. त्याचे २००हून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. १९४९ साली टँक यंगर गेला, तो कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधून राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये पोचलेला पहिला. डग विल्यम्स हा त्याचाच क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. जानेवारी १९८८मध्ये सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक तोच. आणि १९९८ला रॉबिन्सन यांच्या जागी ग्रॅम्बलिंगचा कोच म्हणून आला तोही हाच डग विल्यम्स. ज्याला स्वतःला पायरी मिळाली नव्हती, त्यानं ती दुसऱ्यांसाठी बांधली.

फिजिकल डायरेक्टर आणि फुटबॉल कोच ही दोन कामं तिकडंही सुरुवातीला एकाच माणसाकडं होती. अमोस अलोन्झो स्टॅग १८९२ला शिकागो विद्यापीठात गेले ते शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून, सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जानं, आणि फुटबॉल संघही त्यांनीच ४१ हंगाम सांभाळला. हे स्टॅग स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळेतून आलेले. त्याच शाळेत पुढं शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. मला शिकवणारे सर तिथूनच शिकून आले होते. म्हणून बी.पी.एड. म्हणजे पीटीचा तास घेण्याचा परवाना, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. तू ज्या घराण्यात शिकतोयस ते मोठं आहे.

आता बाबांच्या प्रश्नाचं. बी.पी.एड.नंतर एम.पी.एड., त्यात किमान ५५ टक्के. मग नेट किंवा के-सेट, म्हणजे कॉलेजातल्या नोकरीसाठीची पात्रता परीक्षा. कॉलेज किंवा विद्यापीठाकडून खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात, ती आत्ताच जपून एका फायलीत लाव. शारीरिक क्षमतेची चाचणीही असते : ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १,८०० मीटर. कायम पद मिळालं तर पगार सहायक प्राध्यापकाइतका, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. पण मंजूर पदं थोडी आणि भरती रेंगाळत होते, त्यामुळं काही वर्षं गेस्ट म्हणून काढायची तयारी ठेव. हे बाबांपासून लपवू नकोस, स्पष्ट सांग.

शिवाय फुटबॉल कोच म्हणून वेगळं लायसन्स लागतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या वाटेनं डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. डी तरी शिकत असतानाच कर. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा हीदेखील चांगली वाट आहे.

आणि पदाची वाट बघत घरी बसू नकोस. बेळगावात, गोव्यात, कोल्हापुरात ज्याचा सराव बघून तुला काही शिकावंसं वाटतं, असा एक प्रशिक्षक शोध आणि सांग, "सर, दोन वर्षं तुमच्याकडे राहतो, सांगाल ते करतो." मैदानावर सरावाचे शंकू (कोन) मांडायला सांगितले तर मांड. वहीत रोजचा सराव उतरवून काढ आणि अमुक एक गोष्ट का घेतली ते सराव संपल्यावर विचार. सगळेच सांगतील असं नाही, पण जो सांगेल त्याला सोडू नकोस.


प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये एम.एस. करतोय. तो सांगत होता, मागं तिथल्या एका विद्यापीठानं फुटबॉल कोचला काढलं आणि वर शेकडो कोटी रुपये दिले. नोकरी गेलेल्या माणसाला एवढे पैसे कशाबद्दल? आणि सारखं गाव बदलणाऱ्या या लोकांच्या बायकामुलांचं कसं होत असेल?
– एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : ताई, वर ज्यांचा उल्लेख आला ते जिंबो फिशर हेच. टेक्सास ए अँड एमनं त्यांच्याशी केलेला करार २०३१पर्यंतचा होता आणि मधेच काढलं तरी उरलेले पैसे द्यायचे, असं त्यात लिहिलेलं होतं. संघ ४५ सामने जिंकला, २५ हरला. आपल्याला हे चांगलंच वाटेल, पण तिथल्या लोकांना विजेतेपद हवं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांना काढलं आणि विद्यापीठावर साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं आलं; रुपयांत ६०० कोटींच्या पुढं. काही रक्कम लगेच, बाकीची वर्षावर्षाला. चांगला कोच दुसऱ्यानं पळवू नये म्हणून विद्यापीठं असे करार करून बसतात. विद्येच्या ठिकाणी हे मला पटत नाही आणि तिथल्याही पुष्कळ लोकांना पटत नाही.

घरच्यांबद्दल तुम्ही विचारलंत, ते फार कमी लोक विचारतात. हेड कोच गेला की त्यानं आणलेले बहुतेक मदतनीसही जातात. त्यांचे करार लहान, पैसा त्या मानानं कितीतरी कमी. हंगाम संपतो तो डिसेंबरात, म्हणजे शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना मुलांची शाळा बदलते. आपल्याकडे बँकेतल्या, लष्करातल्या माणसांच्या घरी हे चटके माहीत आहेत. तरी त्यांच्या हातात बदलीची ऑर्डर असते, या कोच लोकांची आधी नोकरी जाते आणि मग गाव शोधावं लागतं.


प्रश्न : सर, मी पॉवरलूमवर काम करतो. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, पैसे घेत नाही. मी मोठ्या स्पर्धा खेळलेलो नाही, लायसन्स नाही. जरा तयार झालेलं पोरगं दिसलं की दुसरे क्लब बूट देतो, जर्सी देतो म्हणून घेऊन जातात. गेल्या वर्षी माझे चांगले खेळाडू असेच गेले. चालू ठेवू काय, सांगा.
– एक प्रशिक्षक, वडगाव

उत्तर : चालू ठेवा, दादा. तुम्ही मोठं खेळला नाहीत म्हणून मागं राहू नका. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त सामने जिंकणारे कोच जॉन गॅग्लिआर्डी यांची सुरुवात तुमच्यापेक्षाही बिकट होती. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड गावी शाळेचा कोच युद्धावर गेला, संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा संघातल्या या १६ वर्षांच्या मुलानं मीच शिकवतो म्हणून शाळेकडून परवानगी घेतली. खेळाडू म्हणून ज्या गोष्टींचा त्याला त्रास झाला होता त्या त्यानं आधी बंद केल्या. पोरांना सरावात पाणी प्यायला दिलं, उगाच फेऱ्या मारायला लावणं थांबवलं. पुढं १९५३पासून २०१२पर्यंत ते मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या कॉलेजात होते. तिथं खेळाची शिष्यवृत्ती नाही, येईल त्या मुलाला संघात घेत, काढत कुणालाच नसत. शिट्टी नाही, सरावात अंगावर जाऊन पाडापाडी नाही, आणि मुलांनी मला कोच न म्हणता जॉन म्हणावं, असा त्यांचा आग्रह. एकूण विजय ४८९. आपल्याकडचं बघायचं तर सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलं.

पोरं जाण्याचं दुःख मला कळतं, कारण तयार करायला लागतात वर्षं आणि न्यायला लागतो एक दिवस. ते आता अमेरिकेतही सुरू आहे. २०१८पासून खेळाडूनं एका यादीत नाव घातलं की दुसरी विद्यापीठं त्याच्याशी थेट बोलू शकतात, आणि जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. मोठमोठ्या कोचना दर वर्षी अर्धा संघ नव्यानं बांधावा लागतो. तेव्हा गेलेल्या पोराशी किंवा त्याच्या घरच्यांशी अबोला धरू नका. गरिबाच्या घरी नवे बूट ही मोठी गोष्ट आहे. उलट नव्या क्लबच्या प्रशिक्षकाला स्वतः फोन करा आणि पोराचा कुठला पाय चालतो, कुठला घोटा दुखावलेला आहे, घरी काय अडचण आहे ते सांगा. त्या माणसाशी तुमची ओळख राहील आणि पोराचंही बरं होईल.

डी लायसन्सचा कोर्स कधी लागतो, याची चौकशी जिल्हा संघटनेकडे करून ठेवा. लूमची पाळी बदलून घ्यावी लागेल, तर मालकाला आधीच सांगा. आणि एक काम या आठवड्यापासूनच करा. तुमच्याकडे १५-१६ वर्षांचा एखादा मुलगा असेल, जो फार चांगला खेळत नसेल, पण धाकट्यांना नीट समजावून सांगतो. १० वर्षांखालची पोरं त्याच्याकडे द्या, त्याला एक वही आणून द्या, आणि रोज सराव सुटल्यावर १० मिनिटं त्याच्याशी बोला. वरच्या पत्रातला खानापूरचा विद्यार्थी अशाच एखाद्या मैदानाच्या शोधात असेल. तुम्हा दोघांचीही हरकत नसेल तर संपादकांमार्फत मी तुमचे पत्ते एकमेकांना कळवतो.